प्लॅन मोठा करण्याआधी

सकाळी ८:१५

ऑफिसात आल्यावर पहिलं काम म्हणजे रात्री आलेल्या तक्रारींची यादी वाचणं. आमची कंपनी छोटी आहे. पूर्वी पुण्याच्या पश्चिम भागात केबल टीव्ही द्यायची, आता त्याच गल्ल्यांमधून फायबर टाकते. यादीतल्या बहुतेक ओळी एकसारख्या असतात: ‘नेट स्लो’, ‘टीव्ही अडकतोय’, ‘चकरी फिरतेय’. एवढ्यावरून निदान होत नाही. म्हणून ऑफिसातून निघायच्या आधी मी प्रत्येकाला फोन करतो आणि तीन गोष्टी विचारतो. एकच ॲप अडकतं की सगळी? दिवसभर अडकतं की ठरावीक वेळी? आणि टीव्ही अडकलेला असताना त्याच खोलीत मोबाइलवर व्हिडिओ नीट चालतो का?

या तीन उत्तरांत निम्मं काम होतं. सगळी ॲप सगळीकडे अडकत असतील तर लाइन बघायची. फक्त टीव्ही अडकत असेल तर वाय-फाय किंवा टीव्हीचं सेटिंग, त्यात तारीख-वेळही. एकच ॲप अडकत असेल तर पत्ते, पॅकेटचा आकार अशा गोष्टी.

टीव्ही अडकला की लोक आधी प्लॅन वाढवतात. पन्नासचे शंभर, शंभरचे दोनशे. टीव्ही मात्र अडकायचा तो अडकतोच, कारण वेग इमारतीपर्यंत पुरेसा येत होता आणि राउटरपासून टीव्हीपर्यंतच्या काही फुटांत वाया जात होता. महिन्याचं बिल वाढवून हे काही फूट सुधारत नाहीत. पेन्शनवर घर चालवणाऱ्या माणसाला मोठा प्लॅन गळ्यात मारणं मला पटत नाही. त्यापेक्षा तासभर बसून त्याचं घर तपासलेलं बरं.

सकाळी ९:००

निघण्याआधी ऑफिसातूनच प्रत्येक घरातल्या ओएनटीची, म्हणजे फायबर जिथे येऊन संपतं त्या डबीची, पॉवर बघतो. फायबरमधून घरात येणारा प्रकाश किती आहे ते डीबीएममध्ये कळतं. मायनस अठरा, मायनस बावीस असे आकडे असले की लाइन निरोगी. मायनस सत्तावीसच्या पुढे गेलं की ओएनटी धडपडायला लागतो. इथे दर तीन आकड्यांना प्रकाश निम्मा होतो. म्हणजे मायनस वीस आणि मायनस सव्वीस हे कागदावर जवळजवळ दिसले तरी प्रकाश एक चतुर्थांश राहिलेला असतो.

आज एका घराचा आकडा मायनस अठ्ठावीस दिसला. कोथरूडला जाताना आधी तिथेच गेलो. दिवाळीच्या सफाईत सोफा भिंतीला सरकवला होता आणि मागची पिवळी पॅचकॉर्ड काटकोनात दुमडली होती. काचेचा धागा असा दुमडला की प्रकाश वळणावर बाहेर निसटतो. कॉर्ड बदलली, हिरव्या कनेक्टरचं टोक क्लीनरने पुसलं, पॉवर मायनस एकवीसवर आली. इथे राउटरच्या सेटिंगला हात लावायची गरजच नव्हती. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी लाइन, मग राउटर, मग हवेतलं वाय-फाय, आणि शेवटी टीव्ही. उलट्या बाजूने सुरुवात केली की चांगली सेटिंगही बिघडवून ठेवली जातात.

सकाळी १०:००

कोथरूडमधलं घर. काका निवृत्त बँक अधिकारी, काकू रात्री साडेनऊची मालिका चुकवत नाहीत. प्लॅन दोनशे एमबीपीएसचा आहे, तरी मालिका मध्येच थांबते. काकांनी पाचशेच्या प्लॅनची चौकशी करूनच ठेवली होती. “काका, आधी टीव्हीवर वेग बघू,” म्हटलं. राउटरशेजारी मोबाइलवर एकशे नव्वद आले. आतल्या खोलीत, टीव्हीवर, टीव्हीच्याच ब्राउझरमध्ये मोजले तर चार. आणि तेही कधी दोन, कधी सात.

नेटफ्लिक्सची स्वतःची शिफारस अशी आहे की फुल एचडीला ५ एमबीपीएस आणि फोर-केला १५ एमबीपीएस पुरतात. दोनशेच्या प्लॅनवर एकाच वेळी डझनभर टीव्ही चालतील. काकूंच्या टीव्हीला दोनशे नको आहेत. त्याला पाच हवेत, पण ते दर सेकंदाला, न चुकता.

राउटर बैठकीच्या खोलीत, शोकेसच्या खालच्या कप्प्यात, आरशामागे आणि पितळी भांड्यांच्या शेजारी होता. धातू आणि आरसा वाय-फायच्या लहरी परतवून लावतात. वर टीव्ही जोडलेला होता २.४ गिगाहर्ट्‌झला. हा पट्टा लांब जातो, भिंतीही बऱ्यापैकी ओलांडतो, पण फार अरुंद आहे. त्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच: १, ६ आणि ११. मोबाइलवरच्या ॲनालायझरमध्ये आजूबाजूच्या फ्लॅटमधली वीसेक नेटवर्क दिसत होती. त्यातली काही ३ आणि ४ वर बसलेली होती, म्हणजे १ लाही त्रास आणि ६ लाही. शिवाय काकांच्या राउटरने या गर्दीतच ४० मेगाहर्ट्‌झची रुंदी घेतली होती. ती जास्त वेगासाठी असते, पण सोसायटीत रुंदी दुप्पट केली की शेजाऱ्यांशी टक्करही दुप्पट होते.

राउटर शोकेसच्या वर, मोकळ्यावर आणला. २.४ ची रुंदी २० केली आणि चॅनल ११ पक्का केला, कारण तिथे गर्दी कमी होती. ५ गिगाहर्ट्‌झला वेगळं नाव दिलं, आतल्या खोलीत ते पोचतंय का पाहिलं आणि टीव्ही त्यावर घेतला. टीव्हीवर पंचाहत्तर आले. पाच मिनिटं मोजत राहिलो, साठच्या खाली आले नाहीत. प्रत्येक बदलानंतर थांबून मोजलं. चार गोष्टी एकदम बदलल्या की कशाने सुधारलं ते कळत नाही, आणि पुढच्या वेळी बिघडलं तर परत पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

काकांना प्लॅन वाढवू नका म्हणून सांगितलं. उलट शंभरवर आणला तरी तुमचं काही अडणार नाही, हेही सांगितलं.

दुपारी १२:००

बाणेरच्या बाजूला नवा टॉवर. इथला प्रश्न जुन्या इमारतीपेक्षा वेगळा आहे. हल्लीचे बरेचसे टॉवर मायवन पद्धतीने बांधतात. ॲल्युमिनियमच्या साच्यात अख्खा फ्लॅट ओततात, त्यामुळे आतल्या भिंतीही विटांच्या नसतात, लोखंडी जाळी घातलेल्या काँक्रीटच्या असतात. अशा दोन भिंतींपलीकडे ५ गिगाहर्ट्‌झ जवळजवळ संपतं.

इथल्या एका ताईंनी म्हणून बाजारातून दुसरा राउटर आणून टीव्हीच्या खोलीत लावला होता. तो आमच्या राउटरला वायरने जोडलेला होता, पण स्वतःही पत्ते वाटत होता. दोघांचा पत्ता १९२.१६८.१.१. आत एक घर, त्यात दुसरं घर, आणि दोन्हींचा नंबर एकच. कधी टीव्ही दिसायचा, कधी गायब व्हायचा. मोबाइलवरून टीव्हीवर व्हिडिओ टाकायला जावं तर टीव्ही सापडायचाच नाही, कारण मोबाइल एका जाळ्यात आणि टीव्ही दुसऱ्यात.

दुसऱ्या राउटरला ॲक्सेस पॉइंट मोडवर टाकलं. तो मोड नसेल तर हाताने करता येतं: त्याचा पत्ता १९२.१६८.१.२ करायचा, पत्ते वाटणारं डीएचसीपी बंद करायचं आणि वायर वॅन पोर्टमधून काढून लॅन पोर्टमध्ये घालायची. पत्ते वाटायचं काम घरात एकानेच करायचं.

टीव्ही दुसऱ्या राउटरपासून हातभर अंतरावर होता, म्हणून त्याला वायर जोडली. ताईंनी विचारलं, वायरने तर वेग पंचाण्णवच दाखवतोय, वाय-फायने दीडशे येत होता! बऱ्याच टीव्हींमध्ये लॅनचं पोर्ट शंभर एमबीपीएसचंच असतं, त्यामुळे हा आकडा बरोबर आहे. पंचाण्णवमध्ये फोर-के व्हिडिओ आरामात चालतो, आणि वायरीला शेजाऱ्यांचं वाय-फाय, भिंत, बंद दार यांचं काही देणंघेणं नसतं. टीव्ही जागचा हलत नाही. न हलणाऱ्या वस्तूला वायर, हलणाऱ्याला वाय-फाय, हा नियम मी प्रत्येक घरात सांगतो.

दुपारी १:४५

डबा उघडला आणि फोन आला. सिंहगड रोडच्या आजी. गुरुवार असल्याने त्यांच्याकडे दुरुस्तीसाठी वीज गेली होती. वीज आली, इंटरनेट आलं, मोबाइल चालू आहे, पण टीव्हीवरचं एकही ॲप उघडत नाही. आजींनी राउटर दोनदा बंद-चालू केला होता.

सगळी ॲप एकदम बंद आणि मोबाइल मात्र सुरळीत, म्हणजे मला आधी तारखेचा संशय येतो. “आजी, टीव्हीच्या सेटिंगमध्ये तारीख काय दिसते ते वाचून दाखवा.” आजींनी काही वर्षांपूर्वीची तारीख वाचली. वीज गेल्यावर टीव्हीचं घड्याळ मागे गेलं होतं. प्रत्येक ॲप सुरू होताना सर्व्हरचं प्रमाणपत्र तपासतं, आणि त्यावर अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत वैध असं लिहिलेलं असतं. टीव्हीच्या मते ती तारीख अजून उजाडलीच नव्हती, म्हणून त्याने प्रत्येक सर्व्हर नाकारला. ‘आपोआप तारीख व वेळ’ चालू करायला सांगितलं. एकेक बटण सांगत गेलो, आजी दाबत गेल्या. भजनाचा कार्यक्रम लागल्यावर त्यांनी फोन तसाच टीव्हीजवळ धरून मला ऐकवला.

जुन्या टीव्हीला याच जातीचा दुसरा आजार होतो. ३० सप्टेंबर २०२१ ला एक जुनं, पुष्कळ संकेतस्थळं ज्याच्यावर विसंबून होती असं मूळ प्रमाणपत्र संपलं आणि ज्या उपकरणांना अपडेट मिळत नव्हते त्यांच्यावर अनेक गोष्टी उघडेनाशा झाल्या. अशा टीव्हीवर नेटवर्कची कितीही सेटिंग बदलली तरी उपयोग नसतो. एचडीएमआयमध्ये लावायची छोटी स्टिक घेतली की टीव्ही पुन्हा कामाचा होतो. नवा टीव्ही घ्यायची गरज नाही, हे लोकांना सांगावं लागतं.

दुपारी ३:००

कर्वेनगरमध्ये कॉलेजातल्या मुलाने स्वतःचा चांगला राउटर आणून आमचा ओएनटी ब्रिज मोडवर टाकून घेतला होता, म्हणजे जोडणीचं काम आता त्याच्या राउटरकडे होतं. मुलगा हुशार आहे, युजरनेम-पासवर्ड टाकून जोडणीही नीट केली होती. तक्रार विचित्र होती: काही ॲप उत्तम चालतात, काही नाव दाखवून तिथेच थांबतात. वेग मोजला तर पूर्ण.

वेग पूर्ण आणि ठरावीक ॲपच बंद, अशा वेळी मी एमटीयू बघतो. एका पॅकेटमध्ये जास्तीत जास्त किती बाइट मावतात तो हा आकडा. इथरनेटवर तो १५००. आमची जोडणी पीपीपीओईने होते आणि त्या पद्धतीची स्वतःची खूण प्रत्येक पॅकेटमध्ये ८ बाइट खाते. उरतात १४९२. त्याने राउटरमध्ये १५०० घातले होते. मोठं पॅकेट आलं की वाटेतलं यंत्र ‘हे मावत नाही, लहान करून पाठव’ असा निरोप सर्व्हरला धाडतं. काही सर्व्हरांकडे हा निरोप सुरक्षेच्या नावाखाली अडवला जातो. मग सर्व्हर तेच मोठं पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत राहतो आणि इकडे चकरी फिरत राहते. ज्यांच्याकडे निरोप पोचतो ती ॲप चालतात, बाकीची थांबतात.

तपासणी सोपी आहे. लॅपटॉपवरून, तुकडे करायचे नाहीत अशी खूण लावून १४६४ बाइटचा पिंग पाठवायचा. त्यात २८ बाइट शीर्षकाचे मिळवले की १४९२ होतात. १४६४ गेला, १४६५ अडला. मुलाला शेजारी बसवून त्याच्याच हाताने आकडे टाकून घेतले. एमटीयू १४९२ केला, सर्व्हरने मुळातच लहान पॅकेट पाठवावीत म्हणून एमएसएसची मर्यादा चालू केली, आणि अडकलेली ॲप उघडली. हे त्याला एकदा कळलं, आता त्याच्या मित्रांच्या घरी तोच हे करेल.

दुपारी ४:३०

एरंडवण्यातल्या घरी परदेशातल्या मुलाची काळजी आईवडिलांच्या राउटरमध्ये शिरली होती. मुलगा न्यू जर्सीहून सुट्टीला आला होता, जाताना त्याने ‘सुरक्षित राहील’ म्हणून राउटरवरच व्हीपीएन चालू करून दिलं. हेतू चांगलाच होता. पण घरातलं सगळं नेट आता अमेरिकेत जाऊन परत येत होतं. मराठी ॲप म्हणे, तुमच्या देशात ही सेवा उपलब्ध नाही. आईला वाटलं, वर्गणी संपली. त्यांनी पुन्हा पैसे भरले.

पिंग, म्हणजे निरोप जाऊन उत्तर यायला लागणारा वेळ, बघितला तर २४० मिलिसेकंद. व्हीपीएन बंद केल्यावर मुंबईचा सर्व्हर पाच-सहामध्ये उत्तर द्यायला लागला. मुलाला तिथूनच व्हिडिओ कॉल लावला आणि तिघांच्या समोर ठरवलं की बँकेच्या कामासाठी हवं असेल तर व्हीपीएन आईच्या मोबाइलवर ठेवू, राउटरवर नको.

तिथे डीएनएसही बदललेलं होतं. हे बदलावं का, असं मला खूप जण विचारतात. गूगलचं ८.८.८.८ २००९ पासून आहे, क्लाउडफ्लेअरचं १.१.१.१ २०१८ पासून. दोन्ही चांगली आहेत आणि कंपनीचं डीएनएस आजारी पडलं तर खरंच कामाला येतात. पण डीएनएस म्हणजे वेग वाढवायचं बटण नव्हे. ते फक्त नावावरून पत्ता शोधतं. काही सेवा डीएनएस कुठून विचारतंय ते पाहून जवळचा सर्व्हर देतात, त्यामुळे भलतंच डीएनएस घातलं तर व्हिडिओ लांबच्या शहरातून यायला लागतो. ॲप उघडायलाच वेळ लागत असेल तर डीएनएस बदलून बघा. चालू व्हिडिओ मध्येच थांबत असेल तर दोष दुसरीकडे शोधा.

संध्याकाळी ७:४५

रात्रीच्या तक्रारीला रात्रीच जावं लागतं. दुपारी मोजलेला वेग साडेआठचं काही सांगत नाही. आज भारताचा सामना आहे, आणि सहकारनगरच्या एका घरात आजोबांसाठी क्रिकेट म्हणजे दिवसातला मोठा कार्यक्रम. चित्रपट नीट दिसतो, सामना मात्र अडकतो.

चित्रपट आणि थेट सामना यांत मोठा फरक आहे. चित्रपट पूर्ण तयार असतो, त्यामुळे ॲप पुढची काही मिनिटं आधीच उतरवून ठेवतं. गच्चीवरची टाकी भरलेली असली की नळ थोडा वेळ गेला तरी कळत नाही, तसं. सामन्याचं पुढचं षटक अजून टाकलंच गेलेलं नसतं. काही सेकंदांचे लहान लहान तुकडे तयार होतील तसे येतात आणि हाताशी थोडेच तुकडे असतात. दहा सेकंदांची अडचणही लगेच पडद्यावर दिसते. म्हणूनच शेजारी डिश टीव्हीवर ओरडतात आणि आपल्याकडे विकेट वीस-तीस सेकंदांनी पडते. तो उशीर या पद्धतीचाच भाग आहे, बिघाड नाही. सगळा देश एकाच क्षणी बघतो तेव्हा ही व्यवस्था केवढा भार उचलते ते १९ नोव्हेंबर २०२३ च्या विश्वचषक अंतिम सामन्यात दिसलं. हॉटस्टारवर त्या दिवशी एका वेळी ५.९ कोटी प्रेक्षक होते.

या घरी लॅपटॉपवर पिंग सतत चालू ठेवून बसलो. आठ वाजून गेले आणि सहावर असलेला पिंग तीनशेच्या पुढे गेला. सूनबाई कामावरून आल्या, त्यांचा फोन वाय-फायला लागला आणि दिवसभराचे फोटो, व्हिडिओ वर चढायला लागले. त्यात दारावरचे दोन कॅमेरे क्लाउडवर चित्रण पाठवतच होते. वर जाणारी वाट भरली की टीव्हीच्या ‘पुढचा तुकडा दे’ या मागणीलाही रांगेत थांबावं लागतं. मग खाली येणारा वेग शंभर असूनही उपयोग होत नाही.

राउटरमध्ये कुणाला आधी वाट द्यायची ते ठरवणारं क्यूओएस चालू केलं, वर जाणाऱ्या वेगाची मर्यादा प्रत्यक्षापेक्षा थोडी कमी ठेवली, म्हणजे रांग तुंबत नाही. टीव्हीला पहिला मान दिला. फोटोंचा बॅकअप रात्री चार्जिंगला लावल्यावरच व्हावा असं फोनमध्ये ठरवलं. पिंग वीसच्या आसपास राहिला. आजोबांनी मला दोन षटकं बसवून घेतलं आणि मीही बसलो. तपासणी म्हणून ते गरजेचंच होतं.

रात्री १०:००

घरी येऊन नोंदवही लिहितो. प्रत्येक घरापुढे फायबरची पॉवर, राउटरची जागा, चॅनल, टीव्हीवर मोजलेला वेग, आणि काय बदललं ते जुन्या आकड्यासकट. तेच सगळं एका कागदावर लिहून त्या घरी राउटरच्या खाली चिकटवून येतो. पुढे कुणीही गेलं, अगदी दुसऱ्या कंपनीचा माणूस गेला, तरी त्याला कळावं की इथे १४९२ मुद्दाम ठेवलेत, आणि का.

आमच्या धंद्यात तक्रार लवकर बंद केली की कौतुक होतं, आणि सर्वांत लवकर बंद होते ती ‘प्लॅन अपग्रेड करा’ म्हटल्यावर. मी नव्या मुलांना सांगतो, राउटरजवळ उभं राहून वेग मोजू नका. जिथे माणूस बसून बघतो तिथे, ज्या वेळी बघतो त्या वेळी, त्याच टीव्हीवर मोजा. ग्राहकांनाही सांगतो: तुमच्याकडे माणूस आला तर टीव्हीवरचाच आकडा मागा, आणि तो बघितल्याशिवाय मोठ्या प्लॅनवर सही करू नका.

कोथरूडच्या ओळीपुढे अजून ‘बंद’ लिहिलेलं नाही. तिथे मी सकाळी गेलो होतो आणि तक्रार रात्री साडेनऊची आहे. उद्या काकूंना फोन करून विचारीन, मालिका सलग दिसली का. हो म्हणाल्या तर त्या ओळीपुढे ‘बंद’ लिहीन. नाही म्हणाल्या तर उद्या रात्री सव्वानऊला त्यांच्या आतल्या खोलीत जाऊन बसेन.